जहाजातून पाहाचं का जहाजातच राहाचं?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातला, जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेला मास्तर. दोन वर्षांआधी मुलानं आम्हा दोघांना युरोपची क्रूझ करवली. बार्सिलोनाहून निघालो, मग मार्सेल, जेनोआ, रोम, नेपल्स, रोज एक नवं गाव. हिला ज्वालामुखीत गाडलेलं पॉम्पेई शहर इतकं भावलं की अजूनही भिशीत तेच सांगत असते. आता डॅलसची पोरगी म्हणते, बाबा यावेळी कॅरिबियन करू, आमच्याकडून टेक्सासचंच गॅल्व्हस्टन बंदर जवळ पडते, तिथूनच सात रात्रीचं जहाज आहे. ही आत्तापासून विचारून राहिली की तिकडं किल्ले कोणते, चर्च कोणते. मला भीती अशी की तिकडं तसं काही नसलं अन् हिचा चेहरा उतरला तर पोरीलाही वाईट वाटंल. माझे गुडघेही दुखतात. जावं का?

उत्तर: गुरुजी, जा, नक्की जा. पण काकूंना आजच समोर बसवून सांगा की ही पहिल्यासारखी ट्रिप नाही. नाव दोन्हीचं क्रूझच, जहाजंही बरीच एकाच कंपन्यांची, जेवणाचे बुफेही तसेच, म्हणून माणसाला वाटते की फक्त देश बदलला. मलाही तसंच वाटलं होतं. मी पण आधी युरोपचीच केली होती अन् कॅरिबियनला गेले तेव्हा पहिले तीन दिवस मनातून नाराज होते, सोबतच्यांवर उगाच चिडले, ते मला आजही लागून आहे, म्हणून तुम्हाला जरा लांबवर लिहून राहिले.

युरोपात काय होते, रात्री जहाज चालते, सकाळी बंदरात, अन् बंदराच्या मागं दोन-अडीच हजार वर्षांचं शहर उभं. जहाज म्हणजे सरकता लॉज. आपण तिथं झोपाले अन् जेवाले येतो, बाकी दिवसभर पायपीट. तुम्हाला आठवत असंल, रोमचं बंदर म्हणजे चिवितावेक्किया, तिथून रोम सत्तरेक किलोमीटर, जायचे-यायचे तीन तास तर गाडीतच. सात रात्रींत निव्वळ समुद्राचा दिवस एखादाच मिळते, कधी तोही नाही.

गॅल्व्हस्टनचं उलटं आहे. संध्याकाळी जहाज सुटलं की दोन रात्री अन् मधला अख्खा दिवस चहूकडे फक्त मेक्सिकोच्या आखाताचं पाणी, मग कुठं मेक्सिकोचं कोझुमेल बेट नाहीतर दुसरं बंदर येते. सात रात्रींत बंदरं तीन-चार, बाकीचे तीनेक दिवस समुद्रच. त्याला तिकडं सी डे म्हणतात. म्हणून तिथल्या जहाजावरच सगळा खर्च केलेला असतो, घसरगुंड्या, नाटकगृह, बर्फावरचे खेळ, नाना प्रकारचे पोहण्याचे तलाव. मायामीहून २०२४ पासून चालणारं आयकॉन ऑफ द सीज हे जहाज तर ३६५ मीटर लांब आहे अन् पूर्ण भरलं तर ७,६०० प्रवासी घेते, आपल्याकडचं एखादं मोठं गाव पाण्यावर ठेवल्यासारखं. तिकडच्या कितीतरी लोकांना बंदराशी काही घेणंदेणंच नसते, ते जहाजावर राहालेच येतात.

अन् बंदरावर उतरल्यावर पहिलं काय दिसते ते पण सांगून ठेवते, नाहीतर काकूंचा चेहरा तिथंच उतरंल. हिऱ्याचे दागिने, घड्याळं, टी-शर्ट, टकीला, याच दुकानांची रांग. कोझुमेलला मी उतरले त्या दिवशी पाच जहाजं उभी होती अन् गर्दी शेगावच्या प्रकटदिनासारखी. मी जुनं गाव शोधत उन्हात तासभर फिरले अन् चिडून दुपारी परत आले. चूक माझी होती, मी तिथं नेपल्स शोधून राहिले होते. तिथं शोधाची ती गोष्ट पाणी. काचेसारखं स्वच्छ, कोमट, खाली पोवळ्याचे खडक अन् त्यात रंगीत मासे, पोहता येत नसलं तरी काचेच्या तळाच्या बोटीतून दिसतात. आपण अप्पर वर्धा धरण भरलेलं पाहून खुश होणारी माणसं, तो निळा रंग पाहून मी खरंच गप झाले होते.

काकूंसाठी मात्र एक चांगली बातमी आहे. किल्ले-चर्च नाही, पण माया लोकांची जुनी मंदिरं त्या बाजूला आहेत. जहाज मेक्सिकोतल्या कोस्टा माया बंदरावर थांबत असंल तर तिथून बसनं तासाभरात चाकचोबेन येते, जंगलात उभे पायऱ्यापायऱ्यांचे दगडी मनोरे, गर्दी कमी. कोझुमेलहून तुलुमची माया मंदिरं पण करतात, पण त्यासाठी आधी पाऊण तास फेरी बोट अन् मग बस, तुमच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. म्हणून पोरीला सांगा, गॅल्व्हस्टनचंच घ्यायचं असंल तर कोस्टा माया असलेला रूट बघ. अन् काकू किल्ल्यावरच अडून बसल्या तर मग गॅल्व्हस्टन सोडा, फ्लोरिडातून निघणारा सान हुआनचा रूट घ्या. पोर्तो रिकोच्या या शहरात एल मोरो किल्ला आहे, १५३९ मध्ये बांधाले सुरुवात झाली, जहाजाच्या धक्क्यावरून पायी जाता येते, समुद्राच्या तोंडावर उभा. गाविलगड पाहिलेल्या माणसाला तो आवडंलच.

गुडघ्यांचं म्हणाल तर कॅरिबियन तुम्हाला युरोपपेक्षा सोपं जाईल, खरंच. फक्त टेंडर हा शब्द लक्षात ठेवा. काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच उभं राहते अन् छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, ग्रँड केमनला तसंच आहे. हलत्या बोटीत पाय टाकणं दुखऱ्या गुडघ्याला त्रासाचं. तसं बंदर असंल तर त्या दिवशी जहाजावरच राहा, अर्धं जहाज रिकामं मिळते.

पैशाचं एकच सांगते. युरोपात आतली, बिनखिडकीची खोली चालून जाते कारण दिवसभर आपण बाहेर. इथं मात्र बाल्कनी घ्या, दुसरीकडं कुठं कपात करावी लागली तरी चालंल. चौथ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत चहा घेऊन बसले अन् पाण्यातून चांदीसारखे मासे उडाले, खरंच पंख पसरून उडाले, तेव्हा कुठं माझी ट्रिप सुरू झाली. अन् टिपा तिकिटात धरलेल्या नसतील तर माणशी रोजचे साधारण १६ ते २० डॉलर वेगळे लागतात, दोघांचे सात दिवसांचे सव्वादोनशे ते दोनशे ऐंशी डॉलर, ते पोरीशी आधीच बोलून घ्या. शाकाहारी आहात हे बुकिंगच्या वेळीच कळवा. घरचं बनवलेलं सहसा जहाजावर नेऊ देत नाहीत, सीलबंद पाकिटं चालतात.

एका गोष्टीत तुम्हाला इथं बरं वाटंल. युरोपात एकच सूचना चार-पाच भाषांत चालते अन् आपली इंग्रजी येईस्तोवर माणूस कंटाळून जाते. टेक्सासच्या जहाजावर तो प्रश्न नाही.

प्रश्न: ताई, मी वरुडचा संत्रा बागायतदार. क्रिकेटचं लय वेड. कॅरिबियन क्रूझमध्ये केन्सिंग्टन ओव्हल पाहाले मिळते का? अन् कोणत्या महिन्यात जावं?

उत्तर: भाऊ, मिळते, पण कोणत्याही कॅरिबियन क्रूझमध्ये नाही. २९ जून २०२४ ला आपण दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून वर्ल्डकप जिंकलो ते मैदान बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनमध्ये आहे अन् बार्बाडोस पार दक्षिणेकडं, पूर्वेच्या टोकाला. टेक्सास किंवा मायामीहून सात रात्रींत जहाज सहसा तिथवर जात नाही. सदर्न कॅरिबियन नावाचे रूट बघा, त्यातले बरेच सान हुआनहून सुटतात. ब्रिजटाऊनला बंदरातून मैदान टॅक्सीनं जवळच आहे.

महिना म्हणाल तर १ जून ते ३० नोव्हेंबर तिकडं चक्रीवादळांचा सीझन, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जास्त जोर. त्या काळात तिकिटं स्वस्त दिसतात ती त्याचमुळे, अन् वादळ आलं की जहाज रस्ता बदलते, ब्रिजटाऊनच्या जागी भलत्याच बेटावर नेऊन सोडते, मग कंपनीशी भांडून काही होत नाही. तुमची मृग बहाराची संत्री तोडून झाली की एप्रिलमध्ये जा. ऊन आपल्यासारखं नाही, तिशीच्या आसपास. अन् सगळ्यात आधी अमेरिकेचा व्हिसा, सान हुआन अमेरिकेच्याच ताब्यात आहे. इंटरव्ह्यूची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून शिक्का हातात पडल्याशिवाय जहाजाचे पूर्ण पैसे भरू नका.