नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरून आणलेले नेचे सुकवले, पण ओळख पटत नाही. नोंदीत काय चुकलं?

बहुधा पान आणलंत आणि बूड तिथेच राहिलं. नेच्याला फूल नाही, फळ नाही. ओळख ठरते पानामागच्या बीजाणुपुंजांवरून (बीजाणूंच्या ठिपक्यांसारख्या झुपक्यांवरून) आणि देठाच्या तळाशी, खोडावर असलेल्या खवल्यांवरून. म्हणून पान खुडू नका. आधी वनविभागाची परवानगी घ्या, मग खुरप्याने आडव्या खोडाचा दोन-तीन सेंटीमीटर तुकडा पानासकट काढा; अख्खा गड्डा उपटायची अजिबात गरज नाही. पुंज तपकिरी झालेले हवेत. हिरवट असले तर बीजाणू कच्चे असतात, फार उशीर केलात तर सांडून गेलेले.

पान पिशवीत पाहता पाहता गुंडाळतं, तेव्हा जागेवरच रद्दीत दाबा. एक-दोन पर्णिका उलट्या करून ठेवा, म्हणजे सुकल्यावर दोन्ही बाजू दिसतात. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदला. पावसाळी हवेत एक दिवस चुकला तरी बुरशी धरते नि पान काळं पडतं. सुकल्यावर कीड मारायला स्पिरिटमधलं औषध वापरू नका. पानामागे पांढरी पूड असलेल्या एल्युरिटॉप्टेरिस या नेच्याची पूड त्यात विरघळते, म्हणजे मोठी खूणच पुसली जाते. प्लॅस्टिकमध्ये बंद करून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवलेलं बरं.

आता लेबल. माझ्या मते नमुन्याइतकंच ते मोलाचं. ‘त्र्यंबक’ एवढंच लिहिलंत तर गावाजवळचा ओढा की ब्रह्मगिरीचा माथा, कळणार कसं? मधे पाचशेहून जास्त मीटरची चढण आहे. डोंगरी नेचे वर सरकताहेत का, हे पुढे कुणी तपासायला गेलं तर उंचीची नोंद नसलेली शीट (नमुना चिकटवलेला जाड कागद) त्याच्या कामाची नाही. असं लिहा: ‘अंजनेरी, माथ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या डावीकडे, ओघळालगत ओल्या बेसाल्टच्या भेगेत, उत्तरेकडचा उतार, गर्द सावली, पानं झुपक्याने, ३५ सेंमी, देठ काळा, चकचकीत.’ सोबत अक्षांश-रेखांश दशांश अंशांत. मोबाइलवरची उंची बरीच चुकते, नकाशावरच्या समोच्च रेषांशी (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांशी) ताडून घ्या. महिना अक्षरांत लिहा; ५/९ म्हणजे मे की सप्टेंबर, हा घोळ नको. संग्रह क्रमांक सलग ठेवा, दरवर्षी १ पासून सुरू करू नका.

ओळख पटेपर्यंत ४२ × २९ सेंमीच्या शीटवर काहीही चिकटवू नका. सुटा नमुना आणि गळलेल्या बीजाणूंची कागदी पुडी घेऊन पुण्याच्या आघारकर संस्थेत किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) आधी विचारून जा, आणि तिथल्या शीटशी पानामागची बाजू भिंगाखाली ताडून पाहा.