वाचकांचे प्रश्न : हार्नेस शर्यतींचा पैसा आणि कारभार

प्रश्न : आम्ही कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात मिल्टन येथे राहतो. जवळच कॅम्पबेलव्हिलला वुडबाइन मोहॉक पार्क आहे. तेथे घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी जोडून शर्यती होतात. आम्ही गेलो त्या संध्याकाळी प्रेक्षक मोजकेच होते, बक्षिसे मात्र हजारो डॉलरची होती. हा पैसा सरकार देते, असे शेजाऱ्यांकडून कळले. सरकारने २०१२ मध्ये तो बंद केला होता, मग पुन्हा का सुरू केला? करदात्याने हा खर्च का सोसावा?
— एक वाचक, मिल्टन

उत्तर : मैदानावरील प्रेक्षक मोजून या खेळाच्या उत्पन्नाचा अंदाज येत नाही, कारण पैज लावणारे बहुतेक लोक आता घरी किंवा दुसऱ्या शहरातील पडद्यासमोर बसलेले असतात. तरीही आपला मूळ प्रश्न रास्त आहे. पैजांतून मिळणाऱ्या वाट्यावर ऑन्टारिओतील बक्षिसांचा सगळा खर्च भागत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

या शर्यतीत धावणारा घोडा स्टँडर्डब्रेड जातीचा असतो. काही घोडे दुडक्या चालीने धावतात. बरेच घोडे मात्र एका अंगाचे पुढचे-मागचे दोन्ही पाय एकदम टाकतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रवाल चालीचे कौतुक करणाऱ्यांना ही चाल अगदीच अनोळखी वाटणार नाही. चौखूर उधळलेल्या घोड्याला आवरून मागे घ्यावे लागते. महालक्ष्मीवर धावणाऱ्या थरोब्रेडच्या मानाने हा खेळ पूर्वीपासून शेतकरी कुटुंबांचा राहिला आहे. दोनचार घोड्या सांभाळणारे पैदासकार, स्वतःच घोडा हाकणारे प्रशिक्षक, मोतद्दार, नालबंद आणि गवत विकणारे शेतकरी यांच्यावर तो उभा आहे. पैशाचा वाद समजून घेताना ही माणसे नजरेसमोर असावीत.

आता हिशेब पाहू. नव्वदच्या दशकात ऑन्टारिओ सरकारला स्लॉट यंत्रे (पैसे टाकून एकट्याने खेळायची जुगाराची यंत्रे) बसवायची होती, परंतु नव्या कॅसिनोला गावोगावी विरोध होता. घोड्यांच्या मैदानांवर जुगाराला आधीपासून परवानगी होती आणि तेथे इमारती, वाहनतळ व गिऱ्हाईक तयार होते. म्हणून १९९८ पासून यंत्रे तेथे बसू लागली. खेळणाऱ्यांना जिंकलेले पैसे देऊन जे उरेल त्यातील १० टक्के मैदानाच्या चालकाला, १० टक्के बक्षिसांसाठी आणि साधारण ५ टक्के स्थानिक नगरपालिकेला, असा वाटा ठरला. उरलेली रक्कम प्रांताच्या तिजोरीत जात असे. शेवटी शेवटी शर्यतींच्या वाट्याला वर्षाला सुमारे ३४.५ कोटी डॉलर येत होते. बक्षिसे वाढली, उत्तम वंशाच्या घोड्या आणल्या गेल्या, तबेल्यांसाठी कर्जे काढली गेली.

वादाचे मूळ या व्यवस्थेला दिलेल्या नावात आहे. घोडेवाल्यांच्या मते ही भागीदारी होती : आम्ही जागा दिली, आमच्याच पैजांशी स्पर्धा करणारी यंत्रे शेजारी बसू दिली आणि त्या बदल्यात वाटा घेतला. सरकारच्या मते हे अनुदान होते. अर्थतज्ज्ञ डॉन ड्रमंड यांच्या सरकारनियुक्त आयोगाने फेब्रुवारी २०१२ मध्ये खर्चकपातीचा अहवाल देताना या व्यवस्थेवर बोट ठेवले. त्यानंतर महिनाभरात, १२ मार्च २०१२ रोजी, अर्थमंत्री ड्वाइट डंकन यांनी ३१ मार्च २०१३ पासून ती बंद होईल असे जाहीर केले. हा पैसा आरोग्य आणि शिक्षणासाठी हवा, हे त्यांचे कारण होते. माझ्या मते उगमाच्या प्रश्नावर घोडेवाल्यांचे म्हणणे खरे आहे, कारण १९९८ मध्ये गरज दोन्ही बाजूंना होती. परंतु पुढील १४ वर्षांत या पैशातून नेमके काय घडावे, किती गुंतवणूक व्हावी, पैज लावणारे नवे लोक कसे यावेत, यांची कोणतीही अट लेखी नव्हती आणि हिशेबही कोणी मागितला नाही. मैदानाच्या काही चालकांना शर्यतीपेक्षा यंत्रांचा वाटाच महत्त्वाचा वाटू लागला. हा दोष खरा होता, आणि तो शर्यतीच्या लोकांनी स्वतः आधी दाखवून द्यायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

तरीही ज्या पद्धतीने व्यवस्था मोडली गेली, तिचे समर्थन करता येत नाही. घोडीचा गाभणकाळ ११ महिन्यांचा असतो. शिंगरू जन्मल्यानंतर पुढच्या वर्षीच्या शरद ऋतूत त्याचा लिलाव होतो आणि त्याहून पुढच्या वर्षी, दोन वर्षांचे झाल्यावर, ते पहिल्यांदा धावते. म्हणजे घोडी फळवण्याच्या निर्णयापासून पहिल्या बक्षिसापर्यंत तीन वर्षे जातात. मार्च २०१२ मध्ये ज्या घोड्या व्यायला आल्या होत्या, त्यांची शिंगरे २०१४ मध्ये धावणार होती. त्यांच्या वेळी बक्षिसांचा पैसा असेल की नाही, हे त्या दिवशी कोणालाच सांगता येत नव्हते. ज्या व्यवसायाचा एक फेरा तीन वर्षांचा, त्याला साधारण एका वर्षाची सूचना मिळाली. विंडसर, सार्निया आणि फोर्ट एरी येथील यंत्रे तर एप्रिल २०१२ च्या अखेरीसच बंद झाली आणि विंडसरचे मैदान त्याच वर्षी मिटले. घोड्या फळवण्याचे प्रमाण पुढच्या हंगामांत फार घसरले. छोट्या पैदासकारांना चांगल्या घोड्या मिळेल त्या भावाने विकाव्या लागल्या. प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी २०१४ च्या विशेष अहवालात, हा निर्णय घेण्यापूर्वी शर्यतींच्या क्षेत्राशी पुरेशी चर्चा झाली नव्हती, असा ठपका ठेवला.

पुन्हा पैसा का, याचे उत्तर यातच आहे. सरकारने तिन्ही प्रमुख पक्षांच्या माजी मंत्र्यांची समिती नेमली : एल्मर बुकॅनन, जॉन स्नोबेलेन आणि जॉन विल्किन्सन. जुनी व्यवस्था हिशेबाच्या दृष्टीने सदोष होती, परंतु सरकारी आधाराशिवाय हा व्यवसाय टिकणार नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी स्पष्टपणे मांडल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये कॅथलीन विन मुख्यमंत्री झाल्या आणि कृषिखातेही त्यांनी स्वतःकडे घेतले. त्याच वर्षी पाच वर्षांची योजना जाहीर झाली. २०१९ पासून १९ वर्षांचा करार लागू आहे. त्यानुसार प्रांताच्या लॉटरी महामंडळाकडून हार्नेस, थरोब्रेड आणि क्वार्टर हॉर्स (कमी अंतराच्या) अशा तिन्ही प्रकारच्या शर्यतींना मिळून वर्षाला १० कोटी डॉलरहून थोडे अधिक मिळतात. पूर्वीच्या रकमेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी ही रक्कम आहे, आणि यंत्रांच्या उत्पन्नाशी तिची थेट गाठ राहिलेली नाही. ग्रामीण रोजगार आणि शेतजमीन टिकवण्याचा खर्च म्हणून करदात्याने ही रक्कम द्यावी, असे माझे मत आहे. पण ती कशावर खर्च झाली, हे त्याला सहज वाचता आले पाहिजे.

प्रश्न : ऑन्टारिओत या पैशाचे वाटप कोण करते? सर्वांत मोठ्या मैदानाचा मालकच वाटप करतो, हे खरे आहे काय? आपल्याकडील टर्फ क्लबशी त्याची तुलना होऊ शकते काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. पूर्वी ऑन्टारिओ रेसिंग कमिशन ही शर्यतींची स्वतंत्र नियामक संस्था होती. १ एप्रिल २०१६ पासून परवाने, पंच आणि नियमभंगाची चौकशी ही कामे मद्य व जुगार आयोगाकडे गेली. उद्योगाची बाजू ‘ऑन्टारिओ रेसिंग’ ही संस्था पाहते. तिच्या मंडळावर मैदाने, घोडेमालक आणि पैदासकार यांचे प्रतिनिधी असतात. पण शर्यतींच्या दिवसांचे व निधीचे रोजचे व्यवस्थापन वुडबाइन मोहॉक पार्कची मालक असलेल्या वुडबाइन एंटरटेनमेंटच्या उपकंपनीकडे आहे. वुडबाइनला भागधारक नाहीत, त्यामुळे नफा कोणाच्या खिशात जात नाही, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. पैजांचे जाळे, प्रक्षेपण आणि अनुभवी माणसे तिच्याकडेच आहेत, हेही खरे. परंतु क्लिंटन, हॅनोव्हर किंवा ड्रेस्डेनसारख्या लहान गावांतील मैदानांना वर्षाकाठी मोजकेच शर्यतीचे दिवस मिळतात. त्यांची तारीख ठरवणाऱ्या टेबलावर त्यांचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी बसलेला असेल, तर निर्णय न्याय्य असूनही तो तसा वाटत नाही. व्यवस्थापन वुडबाइनकडे राहू द्यावे; मात्र दिवसांचे वाटप आणि बक्षिसांचे प्रमाण कोणत्याही मैदानाशी संबंध नसलेल्या व्यक्तींनी ठरवावे आणि त्याची कारणे प्रसिद्ध करावीत, अशी माझी स्पष्ट भूमिका आहे.

मुंबई आणि पुण्याची मैदाने चालवणारा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब ही सभासदांची संस्था आहे. महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी सुमारे १२० एकर सोडण्याच्या प्रस्तावावर २०२४ मध्ये तिच्या सभासदांनी मतदान केले. सभासद नसलेले प्रशिक्षक आणि मोतद्दार यांचा आवाज अशा मतदानात कितपत उमटतो, हा प्रश्न मात्र ऑन्टारिओसारखाच आहे. पैशाच्या बाबतीत परिस्थिती उलट आहे : आपल्याकडे सरकार शर्यतींना पैसा पुरवत नाही, उलट पैजांवर जीएसटी घेते. तो २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे.

ऑन्टारिओचा करार ३१ मार्च २०३८ रोजी संपतो. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा धावणारी शिंगरे २०३६ मध्ये जन्मतील आणि त्यांच्या आया २०३५ च्या वसंतात फळवल्या जातील. म्हणून पुढे काय होणार, याचा लेखी निर्णय २०३४ च्या अखेरीपर्यंत पैदासकाराच्या हातात पडला पाहिजे.