ऑफिसमधली शेअर केलेली एक्सेल फाईल सेव्ह करताना सारखी बंद पडते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की फाईल सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये आहे, सहा-सात जण ती एकाच वेळी उघडतात, आणि आयटीवाल्यांनी ऑफिस दोनदा नव्याने टाकूनही सेव्ह करताना 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतंच. मग कृपा करून ऑफिस तिसऱ्यांदा टाकू नका. एकाच मशीनवर पडत असती तर कंट्रोल दाबून ठेवून एक्सेल सुरू करा, सेफ मोडमध्ये नीट चालली तर एखादं अ‍ॅड-इन (एक्सेलला जोडलेला जादा प्रोग्रॅम) त्रास देतंय, असं सांगितलं असतं. पण एकच फाईल सगळ्यांकडे पडते, तेव्हा दुखणं बहुतेक फाईलच्या पोटात असतं.

मी चाकणला एका कारखान्यात डिस्पॅचचं रजिस्टर सांभाळतो. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. गाडी नंबर, चलन, एलआर (ट्रकवाल्याची माल-पावती), वजन असे 14 कॉलम, जेमतेम नऊ हजार ओळी, आणि फाईल 48 एमबीची! दुपारी चारनंतर गेटवर गाड्यांची रांग लागली की हमखास बंद पडायची, आणि गेटवरच्या मुलाला वीस-पंचवीस चलनं परत भरावी लागायची. त्याचे ते हाल बघूनच मी या मागे लागलो.

तुम्ही आधी एवढंच करा. फाईलची कॉपी आपल्या डेस्कटॉपवर घ्या. मूळ फाईलला हात लावू नका. कॉपीच्या नावातलं शेवटचं .एक्सएलएसएक्स काढून तिथे .झिप लिहा आणि उघडा. एक्सेलची फाईल म्हणजे खरं तर झिपच असते. आत 'एक्सएल' फोल्डर, त्यात 'वर्कशीट्स'. तिथे प्रत्येक शीटचा मूळ आकार दिसतो. आमची पहिली शीट झिपमधून बाहेर काढल्यावर 400 एमबीच्या वर होती. नऊ हजार ओळींना एवढी जागा लागेलच कशी?

एक्सेलमध्ये त्या शीटवर जाऊन कंट्रोल-एंड दाबलं (एक्सेलच्या हिशेबी वापरात असलेल्या शेवटच्या सेलवर ते नेतं) आणि उत्तर मिळालं. कर्सर थेट 10,48,576 व्या ओळीवर, म्हणजे शीटच्या तळाशी. कुणीतरी कंट्रोल-शिफ्ट-डाउन करून खालपर्यंत बॉर्डर मारली होती. म्हणजे दीड कोटीच्या आसपास रिकामे सेल, आणि प्रत्येक सेव्हला एक्सेल ते सगळे लिहीत बसायचं. एक्सेल 32-बिट असेल तर मशीनमध्ये 16 जीबी रॅम असूनही त्याला त्यातली थोडीच वापरता येते, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट त्याच झिपमध्ये सापडली: 'रिव्हिजन्स' नावाचं फोल्डर, गच्च भरलेलं. फाईल जुन्या 'शेअर वर्कबुक' पद्धतीने शेअर केलेली असली की एक्सेल प्रत्येक बदलाचा इतिहास आतच साठवतं. मूळ सेटिंग 30 दिवसांचं असतं. आमच्याकडे पुरावा राहावा म्हणून कुणीतरी 365 केलं होतं. हेतू चांगला होता, पण भार फाईलवर पडला. तुमच्याकडे टायटल बारवर फाईलच्या नावाशेजारी 'शेअर्ड' दिसतंय का बघा.

आता दुरुस्ती. सगळ्यांना फाईल बंद करायला सांगा, अगदी जागेवर जाऊन सांगा, कारण शेअरिंग काढताना कुणाचं सेव्ह न केलेलं काम असेल तर ते जातं. बॅकअप घ्या. बदलांचा इतिहासही पुसला जाईल, तो हवा असेल तर आधीच वेगळ्या शीटवर काढून ठेवा. मग रिव्ह्यूमधल्या शेअर वर्कबुकमध्ये जाऊन, एकाच वेळी अनेकांना बदल करू देणारी टिक काढा. नव्या एक्सेलमध्ये हे बटण लपवलेलं आहे, क्विक अ‍ॅक्सेस टूलबारमध्ये ते आणावं लागतं. त्यानंतर डेटाच्या खालच्या रिकाम्या ओळी निवडून उजव्या क्लिकने डिलीट करा. नुसती डिलीटची कळ दाबून भागत नाही, तिने मजकूर जातो, बॉर्डर तशीच राहते. सेव्ह करून पुन्हा कंट्रोल-एंड. आमची फाईल 1.7 एमबीवर आली.

पण पुन्हा जुन्या पद्धतीने शेअर केलीत तर काही महिन्यांनी तिथेच याल. ऑफिसकडे वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंट असेल तर फाईल तिकडे हलवा, तिथे सगळ्यांना एकत्र लिहिता येतं. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवरच्या (लॅन) साध्या फोल्डरवर ती सोय नाही. आमच्याकडे क्लाउडला परवानगी नव्हती, म्हणून प्रत्येक गेटला स्वतःची फाईल दिली आणि पॉवर क्वेरी या एक्सेलमधल्याच डेटा गोळा करायच्या साधनाच्या 'फ्रॉम फोल्डर'ने सगळ्या एका मास्टरमध्ये ओढतो. मास्टरमध्ये कुणी हाताने लिहीत नाही. गेटवर आता चलन दुसऱ्यांदा भरावं लागत नाही.

तुमच्याकडे कंट्रोल-एंड कुठे जातं आणि झिपमध्ये सर्वात मोठी शीट कोणती, ते कॉमेंटमध्ये लिहा. मी बघून पुढचं सांगतो.