मोजताना कंत्राटी माणसंही धरा

(कामगार कायदे आणि कारखान्यातली सुरक्षितता यांवरचे वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या स्तंभलेखिका सातपूरला सुरक्षा अधिकारी होत्या. आता नाशिकच्या लहान उद्योगांना सल्ला देतात.)

प्रश्न : अंबडला माझं प्रेस शॉप आहे, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून-कापून भाग बनवायचं वर्कशॉप. गाड्यांचे ब्रॅकेट, वॉशर असं काम. माझी स्वतःची १२ माणसं, शिवाय ११ जण कंत्राटदाराकडून येतात. वीसच्या आत असल्यामुळे कारखान्याचे नियम आपल्याला नाहीत, असं आमचे अकाउंटंट सांगतात. गेल्या महिन्यात शेजारच्या गाळ्यात एका मुलाची दोन बोटं गेली. तेव्हापासून डोक्याला घोर लागलाय. मशीनवर गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं आवरण) बसवला की ऑपरेटर काढून ठेवतात. सगळ्या प्रेसना लाईट कर्टन (हात मध्ये आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावू का? आणि असं काही झालंच, तर कंत्राटी माणसाची जबाबदारी कंत्राटदाराचीच ना?
— एक लघुउद्योजक, अंबड

उत्तर : आधी बेरीज करू. १२ आणि ११ म्हणजे २३. पगार कोणाच्या हातून जातो याला मोजणीत महत्त्व नाही. तुमच्या छपराखाली तुमचं काम करणारा प्रत्येक जण त्यात धरायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कारखाने अधिनियम त्यांतल्या सुरक्षिततेच्या संहितेत सामावला गेला. विजेवर काम चालत असेल तर तिथे मर्यादा २० कामगारांची आहे, आणि गेल्या १२ महिन्यांत एका दिवशी जरी तेवढे कामावर असले तरी पुरतं. म्हणजे तुम्ही कारखानदार आहात. नोंदणी-परवान्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नाशिकच्या कार्यालयात स्वतः जा, एजंटावर सोपवू नका. तिथे विचारलेल्या प्रश्नांवरूनच आपल्या शॉपमध्ये काय कमी आहे ते निम्मं कळतं.

आता प्रेस. लाईट कर्टनची ऑर्डर देण्याआधी प्रत्येक मशीनचा क्लच (फिरत्या चाकाची गती प्रेसला जोडणारा भाग) कोणता ते बघा. अंबड-सातपूरच्या गाळ्यांमध्ये जुन्या की क्लचच्या, म्हणजे ‘की’ नावाच्या लोखंडी खिळीने गुंतणाऱ्या, प्रेस अजून भरपूर आहेत. त्यांच्यावर एकदा पायडल दाबलं म्हणजे ही की गुंतते आणि रॅम (वरून आदळणारा जड ठोकळा) खाली येऊन वर गेल्याशिवाय थांबत नाही. मध्ये हात आला हे कर्टनला कळेल, पण थांबवायचं कोणाला? म्हणून की क्लचवर लाईट कर्टनचा उपयोग नाही, पैसे मात्र जातात. दोन्ही हातांनी एकदम दाबायच्या दोन बटणांचाही तिथे पूर्ण भरवसा धरता येत नाही. की किंवा तिची स्प्रिंग झिजली की एका दाबात दोनदा स्ट्रोक पडतो. पहिल्या स्ट्रोकनंतर माणूस निर्धास्तपणे माल काढायला हात घालतो, आणि तेव्हाच रॅम परत खाली येतो. बोटं जाण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. त्यामुळे अशा प्रेसवर डायभोवती (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याभोवती) पक्का बंद गार्ड हवा, ज्याच्या फटीतून पत्रा जाईल पण बोट जाणार नाही. सुटे तुकडे हाताने भरायचे असतील तर सरकता ट्रे, चिमटा किंवा चुंबकाची दांडी द्या. हात डायच्या आत न्यावाच लागू नये. की आणि स्प्रिंगची तपासणी ठरलेल्या तारखेला करा आणि ती सहीनिशी वहीत लिहा. न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचच्या प्रेस मध्येच थांबू शकतात. कर्टन आणि दोन बटणं तिथे लावा.

ऑपरेटर गार्ड का काढतात, हे त्यांनाच विचारा. बहुतेक वेळा उत्तर पैशांचं असतं. नगावर मजुरी असली आणि गार्डमुळे तासाला नग कमी निघत असले, तर तो माणूस मुलांच्या फीचा हिशेब करतो आणि पाना घेऊन गार्ड सोडतो. एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलंही मी पाहिलंय. ताकीद देऊन हे थांबत नाही. गार्ड लावून दर नव्याने ठरवा, सुपरवायझरचं टार्गेटही त्याच हिशेबाने ठेवा, आणि गार्ड काढलेला दिसला तर मशीन बंद, मग डिस्पॅच कितीही अडलेला असो. हा नियम तुम्ही स्वतः पहिल्यांदा पाळलेला दिसला की शॉप फ्लोअरवर तो खरा धरला जातो. (जाता जाता: ड्रिल मशीनवर सुती हातमोजे अजिबात देऊ नका. फिरतं ड्रिल मोजा पकडतं आणि हाताला आत ओढतं.)

जबाबदारीचं विचारलंत. कंत्राटदाराने भरलं नाही तर कंत्राटी कामगाराचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) मुख्य मालकाने भरायचा आणि नंतर कंत्राटदाराच्या बिलातून कापायचा. १० किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागतोच. १५,००० पगारावर मालकाचा ३.२५ टक्के वाटा ४८७ रुपये ५० पैसे होतो, कामगाराचा ०.७५ टक्के म्हणजे ११२ रुपये ५० पैसे. एवढ्यावर त्या माणसाला अपघातानंतर घरी बसावं लागलं तर पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि बोट कायमचं गेलं तर वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे. नोंदणीच नसेल, तर भरपाईचा भार मालकाच्या अंगावर येतो. अपघात झाल्यावर घाईघाईने नाव चढवण्याचा खेळ कोणी सुचवला तर ऐकू नका. तारीख लपत नाही, आणि तोवर तो मुलगा सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयाच्या दारात कार्डाविना उभा असतो. म्हणून कंत्राटदाराचं बिल मंजूर करण्याआधी दर महिन्याला ईएसआय भरल्याचं चलन (पावती) आणि नावांची यादी मागा, आणि ती यादी हातात घेऊन शॉपमध्ये एक फेरी मारा. यादीत नसलेला चेहरा दिसला की त्याला मशीनवर जाऊ देऊ नका.

आणखी एक. कामावर घेतलेल्या प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे. तुमच्या १२ जणांना ते दिलेलं नसेल तर याच आठवड्यात द्या.

प्रश्न : दिंडोरीजवळच्या वायनरीत मी ऑफिस सांभाळते. हंगाम संपला की टाक्या धुवायला गावातली मुलं रोजंदारीवर येतात. आत उतरण्याआधी पेटती मेणबत्ती सोडून बघतात. एवढं पुरेसं आहे का?
— एक वाचक, दिंडोरी

उत्तर : नाही ताई, अजिबात नाही. हे वाचून होईपर्यंत कोणाला टाकीत उतरू देऊ नका.

द्राक्षाचा रस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, एका लिटर रसामागे ४० लिटरहून जास्त. तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे टाकीच्या तळाशी साचतो आणि झाकण उघडं ठेवल्याने निघून जात नाही. तो माणसाला घातक ठरेल इतका साठलेला असतानाही मेणबत्ती जळत राहू शकते. शिवाय ती वरच्या थरात जळते आणि माणूस तळाशी वाकून घासतो. वास नाही, रंग नाही. चक्कर येते आणि तो खाली बसतो. मग वर उभा असलेला मित्र त्याला काढायला उडी मारतो. बंद टाक्यांच्या अपघातांत वाचवायला गेलेला माणूसही दगावतो, आणि गावात एकाच घरातले दोघं कामाला आलेले असतात.

शक्य असेल तिथे माणूस आत घालूच नका. बाहेरून फिरत्या जेटने धुऊन होतं. उतरावंच लागलं, तर ब्लोअरने तळापर्यंत ताजी हवा सोडा. गॅस मीटर दोरीने खाली सोडून तळाशी, मध्ये आणि तोंडाशी वाचन घ्या. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा कार्बन डायऑक्साइड ०.५ टक्क्याच्या वर असेल तर कोणी उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस, दोर वरच्या तिवईला. बाहेर एक माणूस फक्त त्याच्यावर लक्ष ठेवायला, आणि त्याने काही झालं तरी आत जायचं नाही, वरून ओढायचं. हे सगळं एका परवाना-कागदावर लिहून वाइनमेकरची सही घ्या, दर टाकीला नवा कागद. रोजंदारीच्या मुलांची नावंही हजेरीत घ्या. ती एक दिवसाची असली तरी त्या दिवशी तुमची आहेत.

प्रश्न : आमच्या ऑफिसात एकूण १४ जण, त्यांत बायका तीनच. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती लागते का?
— कॉलेज रोड

उत्तर : लागते. २०१३ च्या कायद्यात बायका किती हे मोजत नाहीत, एकूण १० किंवा अधिक कर्मचारी असले की अंतर्गत समिती हवीच. कंत्राटी, तात्पुरते, शिकाऊ सगळे यात धरायचे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांमधून, एक बाहेरची जाणकार व्यक्ती, आणि निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. तुमच्या तिघींतल्या दोघी आणि बाहेरची एक महिला घेतली तर हे सहज जमतं. समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. समितीतल्या लोकांची नावं भिंतीवर दिसतील अशी लावा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, आणि कोणाकडे जायचं हेच माहीत नसलं तर ते तीन महिने विचारण्यातच जातात. दहाहून कमी माणसं असलेल्या दुकानांतल्या, घरकाम करणाऱ्या बायकांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. तुमच्या इमारतीत झाडलोट करायला येणाऱ्या ताईंनाही तिची माहिती द्या.