दोन्ही लिस्टमध्ये तीच स्टेशनं, तरी टेस्ट फेल का होते?

तुमच्या लोकलच्या ॲपमध्ये अपेक्षित लिस्ट चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल अशी आहे. फंक्शन नेमकी तीच देतं, तरी एमएसटेस्टचं (सी-शार्पच्या कोडच्या टेस्ट लिहिण्याचं साधन) असर्ट.आरइक्वल (दोन गोष्टी सारख्या आहेत का हे तपासणारं) फेल होतं आणि मेसेजमध्ये दोन्हीकडे नुसतं लिस्टच्या टाइपचं नाव दिसतं. सी-शार्पची लिस्ट स्वतःची इक्वल्स मेथड, म्हणजे दोन वस्तू सारख्या आहेत का हे ठरवणारी, लिहीतच नाही. ऑब्जेक्ट या मूळ क्लासकडून आलेली मेथड एवढंच बघते, की मेमरीतली वस्तू एकच आहे का. जावातून आलेले इथे हमखास अडतात, कारण तिथली लिस्ट एकेक घटक क्रमाने ताडून बघते. (जावाचा ॲरे तसं करत नाही, म्हणून जेयुनिट या जावाच्या टेस्टच्या साधनात असर्टॲरेइक्वल्स वेगळं दिलं आहे.)

तुम्हाला हवं ते कलेक्शनअसर्ट.आरइक्वल. ते दोन्ही लिस्टचे घटक क्रमाने ताडून बघतं. पण प्रत्येक टेस्टमध्ये ते सरसकट टाकू नका. क्रम ही तुमच्या फंक्शनची जबाबदारी आहे का, हे आधी ठरवा. थांब्यांच्या यादीत ती आहेच. चर्नी रोड मरीन लाइन्सच्या आधी आलं तर चर्चगेटहून निघालेला प्रवासी फसेल. गाडी बदलायची स्टेशनं मात्र, म्हणजे दादर, कुर्ला, अंधेरी, कशीही आली तरी चालतील. तिथे कलेक्शनअसर्ट.आरइक्विव्हॅलंट वापरा. ते क्रम बघत नाही, पण कोणता घटक किती वेळा आला हे मोजतं. पायथनमध्ये हेच काम असर्टकाउंटइक्वल करतं.

दोन्ही लिस्ट हॅशसेटमध्ये (एकच घटक दोनदा न ठेवणाऱ्या संचात) ओतून तुलना करण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो घेऊ नका. डेटाबेसची टेबलं जोडणारं जॉइन चुकून दादर दोनदा आलं तर सेटमध्ये ते एकदाच उरेल आणि बग असूनही टेस्ट पास होईल. सीक्वेन्सइक्वल (दोन लिस्ट क्रमाने ताडून फक्त हो किंवा नाही सांगणारी मेथड) असर्ट.इजट्रूमध्ये गुंडाळणंही मला पटत नाही. फेल झाल्यावर कोणता घटक चुकला हे कळतच नाही.

डेटा डेटाबेसमधून येत असेल तर क्वेरीत ऑर्डर बाय (क्रम ठरवणारा भाग) असल्याशिवाय क्रमाची हमी नसते. अशी टेस्ट तुमच्या मशीनवर पास होऊन सर्व्हरवर फेल होऊ शकते. क्रम हवा असेल तर तो क्वेरीतच लिहा. टेस्टमध्ये सॉर्ट केलंत तर क्रमाची चूक कधीच पकडली जाणार नाही.

पुढे स्टेशनचा क्लास कराल तेव्हा कलेक्शनअसर्टसुद्धा घटकांची इक्वल्स मेथडच विचारेल. क्लासऐवजी सी-शार्प ९ पासूनचं रेकॉर्ड वापरलंत तर आतल्या मूल्यांवरून होणारी तुलना आयती मिळते. पण त्या रेकॉर्डमध्ये प्लॅटफॉर्मची लिस्ट ठेवलीत, तर त्या फील्डची तुलना पुन्हा मेमरीतल्या वस्तूवरूनच होईल. तेवढी लिस्ट वेगळ्या असर्टने तपासा किंवा रेकॉर्डची इक्वल्स स्वतः लिहा.