विलमटबाईंचे भूत आणि निळा चित्रक

प्रश्न : इंग्लंडमध्ये मुलीकडे गेलो असता शेजारच्या बागेत चंदेरी रंगाचे एक काटेरी रोप पाहिले. त्याला तेथे ‘मिस विलमट्स घोस्ट’ म्हणतात. या विलमट कोण, आणि हे रोप पुण्यात गच्चीवर वाढेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण पाहिलेले रोप एरिंजियम जायगँटियम हे होय. ते मूळचे कॉकेशस परिसरातले आणि, काटे पाहून पटणार नाही, पण कोथिंबीर व गाजर यांच्याच कुळातले आहे. सुरुवातीला त्याची साधी हिरवी पाने जमिनीलगत पसरतात. पुढे दांडा वर येतो आणि बोंडासारख्या निळसर फुलोऱ्याभोवती करवतीसारख्या कडांची चंदेरी छदे (फुलोऱ्याखालची पानांसारखी अंगे) उमलतात. बी धरले की रोप मरते, मात्र सांडलेल्या बियांतून नवी रोपे आपोआप उगवतात.

एलन विलमट (१८५८–१९३४) यांची एसेक्स परगण्यात वॉर्ली प्लेस येथे विख्यात बाग होती. त्या दुसऱ्यांच्या बागेत गेल्या की या रोपाचे बी गुपचूप टाकून येत, अशी कथा सांगतात व नावाचा उगमही त्यातच शोधतात. ही कथा सांगोवांगीची आहे, आणि तिच्यामुळे विलमटबाईंचे खरे काम झाकले जाते याचे मला वाईट वाटते. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १८९७ साली व्हिक्टोरिया सन्मानपदक सुरू केले, तेव्हा पहिल्या साठ मानकऱ्यांत स्त्रिया दोनच होत्या : गर्ट्रूड जीकिल आणि विलमट. चीनमधून वनस्पती आणणाऱ्या अर्नेस्ट विल्सन यांच्या मोहिमेला त्यांनी पैसे दिले, आणि विल्सन यांनी १९०८ साली पश्चिम चीनमध्ये गोळा केलेल्या बियांपैकी एका निळ्या फुलांच्या झुडपाची मोजकीच रोपे जगवून ते झुडूप युरोपच्या बागांत रुजवले. सेराटोस्टिग्मा विलमॉटियानम हे त्याचे नाव त्यांच्यावरूनच पडले. बागेपायी वारशाने आलेली संपत्ती संपली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९३९ साली घरही पाडले गेले. आज ती जागा निसर्गराखीव असून वसंतात तेथे डॅफोडिल फुलतात.

आता आपल्या गच्चीविषयी. एरिंजियमच्या बियांना उगवण्यापूर्वी लांबलचक थंडी लागते, मुळांशी पाणी साचलेले चालत नाही आणि सोटमुळामुळे रोप हलवलेले सोसत नाही. त्यामुळे पुण्याच्या पावसाळ्यात ते टिकवण्याचा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी निळा चित्रक (प्लंबॅगो) लावावा. विलमटबाईंचे ते चिनी झुडूप चित्रकाच्याच कुळातले असल्याने फुलांचे साम्य आपल्याला लगेच जाणवेल. मोठी कुंडी, पाण्याचा चांगला निचरा आणि भरपूर ऊन एवढ्यावर निळा चित्रक उत्तम वाढतो. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की फांद्या निम्म्याने छाटाव्यात.