कथा फसली तरी पडदा बघ

दिसायला भव्य पण कथेत फसलेला विज्ञानपट बघताना पहिल्या काही मिनिटांतच संवाद कृत्रिम वाटले म्हणून उठू नकोस. अशा चित्रपटात पटकथा कमी पडलेली असते, पण कलादिग्दर्शक, वेशभूषाकार आणि व्हीएफएक्सची (संगणकावर दृश्यं घडवणारी) माणसं जीव ओतून काम करून गेलेली असतात. त्यांच्यासाठी बस.

फ्रेंच दिग्दर्शक ल्युक बेसाँचा २०१७ चा 'व्हॅलेरियन'च घे. नायक-नायिकेचं प्रेम शेवटपर्यंत पटत नाही, खरंय. पण सुरुवात बघ! १९७५ मध्ये अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत सोयूझ ही यानं अंतराळात जोडली गेली, त्या भेटीपासून हस्तांदोलनं सुरू होतात. आधी निरनिराळ्या देशांची माणसं येतात, मग परग्रहांवरचे पाहुणे, आणि फारसं कुणी काही न बोलता शतकांचा इतिहास उलगडतो. पुढे वाळवंटातला तो बाजार, खास चष्मा लावल्यावरच दिसणारा. इतकी कल्पनाशक्ती मला कित्येक नावाजलेल्या चित्रपटांतही सापडत नाही.

मुख्य पात्रांच्या मागे नजर ठेव: यानाच्या भिंतींची झीज, गर्दीतल्या प्राण्यांची चाल, प्रकाश कुठून येतोय. मिळेल तेवढा मोठा पडदा गाठ. मोबाइलवर यातलं निम्मं हरवतं. तर्काच्या चुका दुसऱ्यांदा बघताना शोध. आणि श्रेयनामावलीत संकल्पनाचित्रं काढणाऱ्यांची नावं टिपून घे, त्यावरून पुढचे चित्रपट निवडता येतात.